तात्यांच्या पाण्याचा गुण

जिल्ह्याच्या इस्पितळात त्या दोघी बहिणी बाकावर शेजारी बसल्या होत्या, आणि त्यांच्यात आजारी कोण हे ओळखायला डॉक्टरची गरज नव्हती. धाकट्या मंजिरीने फेब्रुवारीच्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता घातला होता. केसांच्या कडेने लाल खवल्यांची किनार कपाळावर उतरली होती, आणि मांडीवर पडणारा पांढरा भुगा ती सारखी झटकत होती. एवढ्या गर्दीतही तिच्या पलीकडची जागा रिकामीच राहत होती. थोरली दीपश्री उन्हाने रापलेली, नितळ कातडीची. तिच्या अंगावर डाग औषधालासुद्धा नव्हता. ती नुसती सोबतीला आली होती आणि मिठागरावरची कोणती कामं कोणाला सांगायची राहिली ते आठवत बसली होती.

तासाभराने दोघी बाहेर पडल्या तेव्हा मंजिरी बरी होणार होती आणि दीपश्री कधीच बरी होणार नव्हती.

हे सांगितलं एका यंत्राने. दोन हजार चव्वेचाळीस सालापर्यंत ते यंत्र जिल्ह्याजिल्ह्यात पोचलं होतं. त्याला कागदोपत्री भारदस्त नाव होतं, पण दिसायला ते कपड्यांच्या इस्त्रीसारखं होतं आणि अंगावरून फिरवायचंही तसंच, म्हणून नर्सपासून डॉक्टरपर्यंत सगळे त्याला इस्त्रीच म्हणत. न कापता, न टोचता ती कातडीच्या आतल्या पेशी पडद्यावर दाखवायची, आणि त्या पेशी तिथे साधारण किती वर्षं मुक्काम करून आहेत तेही सांगायची. घरात एकाला सोरायसिस निघाला की सख्ख्या नातेवाइकांवरूनही इस्त्री फिरवायची असा नियम होता, आणि डॉक्टर खानोलकर बाई नियमाच्या पक्क्या होत्या. दीपश्रीने हसतच हात पुढे केला.

मंजिरीच्या कोपरात तुरळक ठिपके दिसले होते. दीपश्रीच्या नितळ कोपरात पडदा ठिपक्यांनी भरून गेला. बाईंनी दुसरं कोपर पाहिलं, गुडघे पाहिले, केस बाजूला करून टाळू पाहिली. मग त्यांनी तिला मूठ वळायला सांगितली. उजव्या हाताची मधली दोन बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. मीठ ओढायची फळी धरून धरून तसं झालंय, दीपश्री म्हणाली. बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली, आणि डॉक्टरने खुर्ची जवळ ओढली की माणसाने काय समजायचं ते दीपश्री समजली.

बाई तिथल्याच होत्या, त्यामुळे त्यांनी गावाला कळेल असंच सांगितलं. आपल्या कातडीत राखणदार पेशी असतात. जखम झाली, जंतू आले की त्या धावून येतात आणि काम झालं की बहुतेक निघून जातात. काही मात्र तिथेच बिऱ्हाड करतात, म्हणजे तोच शत्रू परत आला तर चटकन ओळखता यावा. सोरायसिसमध्ये या बिऱ्हाडकरू पेशींची ओळखण्यात चूक होते. आपल्याच कातडीला शत्रू समजून त्या बोंब ठोकतात, आणि घाबरलेली कातडी थरावर थर चढवत सुटते. नव्याने राहायला आलेल्या पेशीला जगायला एका रसायनाचा रोजचा शिधा लागतो. बायोलॉजिक औषध, म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं औषध, नेमका तो शिधा तोडतं. आजार सुरू झाल्यावर पहिल्या वर्ष-दीड वर्षात तोडला तर पेशी उपाशी मरतात आणि आजार मुळासकट जातो. उशीर झाला की त्या पेशी शिध्यावाचून जगायला शिकतात. मग तेच औषध त्यांना फक्त गप्प बसवतं, तेही चालू असेपर्यंत. आणि कितीतरी वर्षं झाली असतील तर त्या कातडीवरून सांध्यांतही उतरतात.

मंजिरीचा आजार एका वर्षाचा होता. दीपश्रीच्या पेशी पंचवीस वर्षांहून जुन्या होत्या.

"पण माका तर डागच नाय," दीपश्री म्हणाली. "पावसात जरा उठता. मिठावर गेलंय की जाता."

"जात नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "झोपतं."

आता हे मिठाचं काय ते सांगायला हवं, कारण शिरोड्याच्या खाडीकाठी मिठागर नसतं तर ही चूक झालीच नसती. दीपश्रीचे वडील दिगंबर आरोसकर, म्हणजे गावाचे तात्या, तिथल्या शेवटच्या दोन-चार मीठवाल्यांपैकी एक. समुद्र वर्षागणिक चढत होता, बाकीच्यांनी आपापली आगरं सौरपट्ट्यांना देऊन टाकली होती, पण तात्या दरवर्षी बांध थोडा उंच करत आणि मीठ पिकवत. मिठाचं वर्ष ठरलेलं असतं. पावसाळ्यात आगर पाण्याखाली, दिवाळीनंतर बांधबंदिस्ती, डिसेंबरात खारं पाणी वाफ्यात घ्यायचं, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात नेत उन्हात आटवायचं, आणि मग मेपर्यंत मीठ.

दीपश्री नऊ वर्षांची असताना एका श्रावणात तिच्या कोपरांवर लाल चट्टे उठले. डिसेंबरात तात्यांनी तिला सगळ्यात दाट पाण्याच्या वाफ्यात बसवलं आणि करवंटीने कोपरांवर पाणी ओतलं. पोर आगीने किंचाळली. तात्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबला नाही. पंधरवड्यात चट्टे गेले. पुढच्या पावसात परत आले, पुढच्या हंगामात परत गेले. दरवर्षी हेच. जो आजार ठरलेल्या महिन्यात येतो आणि ठरलेल्या महिन्यात आपण होऊन जातो त्याला आजार म्हणायचं तरी कसं? घरात त्याला 'पावसाळी' म्हणायला लागले. ऊन आणि खारं पाणी खरोखरच कातडी शांत करतं, तात्या काही भोंदू नव्हते. दुर्दैव एवढंच की त्यांना दरवर्षी गुण दिसत होता.

मग गुणाची बातमी पसरली. आरोंदा, रेडी, पार तेरेखोलच्या पलीकडून लोक खाजरी पोरं घेऊन येऊ लागले. तात्या कोणाकडून पैसा घेत नसत. देवाचं पाणी आणि देवाचं ऊन, माझं काय त्यात, म्हणायचे, आणि मग ज्याला त्याला हाक मारून दीपश्रीचं कोपर दाखवायचे. दीपश्री दहावीनंतर शिकायला गेली नाही, कारण गाव सोडलं की अंग उठेल ही भीती. लग्नही तिने गावातच केलं. नवरा गोव्यात एका हॉटेलची गाडी चालवायचा, महिन्यातून दोनदा यायचा. तिचं घर तात्यांच्या घरापासून हाकेवर होतं.

मंजिरी मात्र पुण्याला नोकरीला गेली, आणि तिथे काचेच्या ऑफिसात, ना ऊन ना खारं पाणी, तिला चट्टे उठले. तात्यांनी फोनवर फोन केले, चार दिवस मिठावर ये, जाईल. तिला रजा मिळाली नाही. चट्टे वर्षभर ठाण मांडून बसले, लोक लिफ्टमध्ये बाजूला सरकायला लागले, लग्नाचं एक ठरत आलेलं बोलणं फिसकटलं, तेव्हा रडून रडून ती गावी आली आणि मिठावर न जाता जिल्ह्याच्या इस्पितळात गेली. रजा न देणाऱ्या त्या साहेबाने तिच्यावर केवढे उपकार केले हे त्याला कधी कळणार नाही.

परतीच्या बसमध्ये मंजिरी बहिणीचा हात धरून बसली होती. घरी गेल्या गेल्या तात्यांना सगळं सांगायचं, असं तिचं म्हणणं. दीपश्रीने तिला गप्प केलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, आई गेल्यापासून त्या आगरावर जगतोय, त्याला सांगायचं की तू हाताने पोरीचं वाटोळं केलंस? माझं जे व्हायचं ते झालं, आता त्याला कळून माझी बोटं सरळ होणार आहेत का? मंजिरी चिडली, म्हणाली, तू कायम त्यांना वाचवतेस. दीपश्रीने खिडकीबाहेर पाहिलं. तिला राग येत होता, तात्यांचा, स्वतःच्या नितळ कातडीचा, शेजारी बसलेल्या बहिणीच्या चट्ट्यांचासुद्धा. त्या चट्ट्यांचा तिला हेवा वाटला, आणि असा हेवा वाटावा याची तिला लाज वाटली.

घरी तिने सांगितलं की मंजिरीला तीन इंजेक्शनं लिहून दिली आहेत आणि आपल्यालाही दर महिन्याला एक घ्यायचं आहे, हाडांसाठी. तात्यांनी मान डोलावली. मिठावर काम करणाऱ्याची हाडं झिजतातच. मग ते मंजिरीकडे वळून म्हणाले की इंजेक्शनं घे हवी तर, पण त्यापेक्षा वाफ्यात बसली असतीस तर पैसे आणि कळा दोन्ही वाचल्या असत्या. मंजिरी उठून आत गेली.

मे महिन्यात मंजिरीवरून पुन्हा इस्त्री फिरवली तेव्हा पडदा कोरा होता. तिने अर्ध्या बाह्यांचे कपडे शिवायला टाकले आणि पुण्याला गेली. दीपश्रीचं अंग पावसाळ्यातही उठलं नाही, औषधाने ते धरून ठेवलं होतं. तात्या म्हणाले, इतक्या वर्षांच्या मिठाने अखेर मुळावर घाव घातला. दीपश्री म्हणाली, होय.

आणि भाद्रपदात, आपल्या लेकीची, जुईची, वेणी घालताना, दीपश्रीला पोरीच्या कानामागे एक लाल चट्टा दिसला. पांढरी साय धरलेला. तिने वेणी तशीच सोडली आणि पोरीचा फ्रॉक वर करून गुडघे पाहिले. उजव्या गुडघ्यावर दुसरा. जुई सात वर्षांची होती. वेणी अर्धीच का सोडली, तिने विचारलं.

डॉक्टर खानोलकरांना मात्र बरं वाटलं. इतक्या लवकर कोणी पोराला आणतच नाही, त्या म्हणाल्या. इस्त्रीवर ठिपके अगदी ताजे होते. मोठ्यांचं औषध मुलांना चालत नसे. मुलाच्या पेशींचा नमुना घेऊन त्याच्यापुरतं औषध बनवावं लागे आणि त्याला तीन-चार महिने लागत. डिसेंबरअखेर ते येईल. एकच अट होती, आणि ती बाईंनी दोनदा सांगितली. औषध देताना पेशी जाग्या हव्यात. झोपलेली पेशी शिधाच घेत नाही, मग तिचा शिधा तोडून काय उपयोग? जुईच्या चट्ट्यांना ऊन नको, खारं पाणी तर अजिबात नको. उठू देत, लाल होऊ देत. हा हंगाम मिठात गेला तर पुढच्या पावसापर्यंत त्या झोपतील, आणि लहान मुलांत त्या लवकर मुरतात, म्हणजे उठतील तेव्हा जुन्या झालेल्या असतील.

दीपश्री आनंदाने परतली असं म्हणता आलं असतं, जर घरी तात्या नसते. आरोसकरांच्या घरात एक रीत होती. हंगामात पहिल्या वाफ्यात मीठ धरायला लागलं की घरातल्या सगळ्यात धाकट्याने त्यात पाय घालायचा, मगच फळी लावायची. गेली तीन वर्षं तो पाय जुईचा होता. दीपश्रीने दिवाळीतच सांगून ठेवलं, यंदा जुई पाण्यात येणार नाही, डॉक्टरांनी मना केलंय. तात्यांना जुईच्या गुडघ्याचं कळलेलं होतंच. ते रागावले नाहीत. एखाद्या लहान मुलाने भलतंच काही सांगावं आणि मोठ्याने कौतुकाने ऐकावं तसे हसले.

"डॉक्टरान तुका काय दिल्यान गो?" ते म्हणाले. "तुका कोणी बरा केला? आपली कातडी बग आदी."

उत्तर एकच होतं, आणि तेच तर ती पोटात धरून बसली होती. तिने जुईला बजावलं, तात्यांना शपथ घातली, आणि ते बरं म्हणाले तेवढ्यावर विश्वास ठेवला. पहिल्या मिठात त्या वर्षी कोणाचाच पाय पडला नाही. तात्यांनी तशीच फळी लावली.

दीपश्री सकाळी मीठवाल्यांच्या सोसायटीच्या शेडमध्ये मीठ भरायच्या कामाला जायची. जुई शाळेतून परस्पर आजोबांकडे. डिसेंबर निम्मा गेला तसं तिच्या लक्षात आलं की कानामागचा चट्टा फिका पडतोय. ऊन नाही, खारं पाणी नाही, म्हणजे तो आणखी लाल व्हायला हवा होता. तिने इस्पितळात फोन केला. बाईंनी विचारलं, मुलगी खाऱ्या पाण्यात जाते का? नाही, दीपश्री म्हणाली. आणि नाही म्हणतानाच तिला कळलं.

शेडमधून ती तशीच निघाली. ऐन दुपार होती, आगरावर पांढऱ्या उजेडाने डोळे मिटत होते. सगळ्यात दाट पाण्याच्या वाफ्यात जुई बसली होती, फ्रॉक कमरेला खोचून. तात्या तिच्यासमोर उकिडवे बसून तिच्या गुडघ्यावर करवंटीने पाणी सोडत होते आणि ती रडू नये म्हणून कसलीशी गोष्ट सांगत होते. दीपश्रीला बघून ते दचकले. मग चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे, पण आनंद आवरत नसलेल्या माणसासारखेही, त्यांनी जुईचा गुडघा वर उचलून दाखवला.

"बग," ते म्हणाले. "गेला."

गुडघा खरोखर नितळ दिसत होता. शपथ मोडली खरी, तात्या म्हणाले, पण पोरीचं अंग उठताना बघवेना, आणि तूही आधी अशीच रडायचीस, मग बरी झालीस की नाही?

दीपश्रीने जुईला उचललं, बांधावरच्या गोड्या पाण्याच्या पिंपाशी नेलं, आणि पाय धुवून खोपीत जाऊन बस म्हणाली. मग ती परत आली आणि बांधावर बसली. ओरडायचं ठरवूनच ती आली होती, पण समोर तो काळा ठिक्कर पडलेला म्हातारा, गुडघाभर खाऱ्या पाण्यात, हातात करवंटी, तिच्या कौतुकाची वाट बघत उभा होता, आणि तिला ओरडता येईना.

"तुमच्या पाण्यान ता मेला नाय, तात्या," ती म्हणाली. "निजला. माझा दर वर्सा निजला, आणि दर पावसात वाडान उठला."

मग तिने सगळं सांगितलं. इस्त्री, पडदा भरून दिसलेले ठिपके, मंजिरी का बरी झाली आणि ती का नाही. महिन्याचं इंजेक्शन हाडांचं नव्हतं, जन्मभराचं होतं. जुईच्या पेशी जाग्या असायला का हव्यात तेही सांगितलं. तात्या ऐकत होते. मधेच त्यांनी तिचा उजवा हात धरला आणि बोटं मिटायचा प्रयत्न केला, एखादं गंजलेलं बिजागर बघावं तसं.

"ह्या फळीन झाला ना?"

"फळीन न्हय. तेनाच."

तात्यांनी हात सोडला. वाफ्यातलं पाणी त्यांच्या पायांभोवती हललं आणि स्थिर झालं. मग त्यांनी विचारलं, "तुका कधी कळला?"

"शिमग्याच्या आदी. मंजिरीक घेऊन गेललंय तेवा."

"आणि माका सांगूक नाय."

"तुमका लागात म्हणान."

तात्यांनी खोपीकडे पाहिलं. जुई दारात बसून ओल्या पायांनी मातीवर ठसे उमटवत होती.

"तू सांगलं असतंस," ते म्हणाले, "तर मी ह्या चेडवाक पाण्यात घातलंय नसतंय."

दीपश्रीला वाटलं होतं की खरं सांगितल्यावर तात्या मोडतील आणि ती त्यांना सावरेल. तिच्याच दयेपायी लेक या वाफ्यात येऊन बसली होती, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. ती बांधावर हुंदके देऊन रडली. तात्या पाण्यातून बाहेर आले, तिच्यापासून थोडे दूर बसले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांचा हात उचलला गेला नाही.

औषध आलं, पण लगेच देता येईना. इस्त्रीवर जुईच्या पेशी पेंगुळलेल्या दिसत होत्या. बाईंनी औषध थंड पेटीत ठेवून दिलं. ते फार दिवस टिकणारं नव्हतं. दीपश्री रोज सकाळी लेकीचा गुडघा उजेडाकडे धरून बघायची, आणि तात्या अंगणापर्यंत येऊन, न विचारता, तिच्या चेहऱ्याकडे बघून परत जायचे. मंजिरी पुण्याहून आली आणि यावेळी तिने कोणालाच काही ऐकवलं नाही. मकरसंक्रांत उलटल्यावर एका सकाळी गुडघ्यावर नाण्याएवढी लाली उठली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर खवले धरले. लेकीच्या अंगावर रोग उठलेला बघून एखाद्या आईने शेजारणीला मिठी मारल्याचं त्या वाडीने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तीन इंजेक्शनं झाली. होळीच्या सुमाराला पडद्यावर जुईचा गुडघा कोरा दिसला, कानामागची जागा कोरी दिसली. बाईंनी दोनदा बघितलं आणि मग हसल्या.

तात्यांनी ती बातमी ऐकली, देवापुढे दिवा लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून चालायला लागले. आगर त्यांनी गड्यांवर सोपवलं होतं. पंचवीस वर्षांत ज्या ज्या घरची पोरं त्यांनी त्या वाफ्यात बसवली होती, त्या त्या घरी ते जाऊ लागले. नावं त्यांना तोंडपाठ होती. दारात उभं राहायचं, पायरी चढायची नाही, आणि म्हणायचं, माझ्या पाण्याने तुमचं पोर बरं झालं नाही. मला वाटलं झालं. माझं चुकलं. इस्पितळात नेऊन दाखवा. एवढं बोलून पुढचं घर.

ते सोपं नव्हतं, कारण लोकांना बरे झालेले हात दिसत होते. आरोंद्याचा एक ट्रकवाला, ज्याला त्यांनी लहानपणी बसवलं होतं, त्याने आपले स्वच्छ दंड दाखवले आणि तात्यांना वयाने चळ लागला असं समजून चहा पुढे केला. तात्यांनी चहा घेतला नाही. एका घरात त्यांना शिव्या बसल्या. एका घरात म्हातारीने ऐकून घेतलं आणि म्हणाली की मुलगा आता मुंबईत आहे, त्याची बोटं वाकडी झालीत, आम्हाला वाटलं कॉम्प्युटरने. रेडीच्या एका तरुण बाईच्या पोराला गेल्याच पावसात चट्टे उठले होते. ती त्याच आठवड्यात इस्पितळात गेली. डॉक्टर खानोलकरांनी दीपश्रीला ते फोनवर सांगितलं. दीपश्रीने तात्यांना सांगितलं, आणि त्यांनी नुसती मान हलवली. एका पोराने बाकीच्यांचं काही भरून येत नाही, हे दोघांनाही कळत होतं.

उन्हात हिंडून ते खंगले. मंजिरी म्हणाली, फोन करा ना सगळ्यांना, आता कोण असं दारोदार जातं? त्यांनी ऐकलं नाही. पोरं माझ्याकडे चालत आली होती, ते म्हणाले.

चैत्रात एका सकाळी दीपश्री चुलीपाशी होती. तात्या एरवी तिच्या घरात हाक न मारता शिरत आणि थेट स्वयंपाकघरात येऊन पाट ओढत. त्या दिवशी बाहेरून खाकरल्याचा आवाज आला. ती पदराला हात पुसत बाहेर आली. तात्या अंगणात उभे होते, पायरीच्या खाली, चपला काढून, टोपी हातात घेऊन. परक्याच्या दारात उभे राहतात तसे. तिला वाटलं जुईसाठी काही आणलंय. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला.

"दीपा," ते म्हणाले, "माझ्या पाण्यान तू बरी झालंस नाय. माका वाटला झालंस. माझा चुकला."

तुम्हाला कुठे ठाऊक होतं, असं ती म्हणणार होती. गेलं वर्षभर तिने ते वाक्य तयार ठेवलं होतं. मनात किती वेळा म्हणून पाहिलं होतं, आणि म्हटलं की दोघांनाही बरं वाटणार होतं. ते तोंडाशी आलं आणि तिने गिळलं. त्या वाक्याने तात्या पुन्हा निर्धास्त होतील, आणि तिच्या बोटांचं दुःख पुन्हा तिच्या एकटीचं होईल. तिला ते एकटीने नको होतं.

"होय, तात्या," ती म्हणाली. "बरी झालंय नाय."

म्हाताऱ्याचा चेहरा थरथरला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला त्यांनी हात वर केला नाही. दीपश्री पायरी उतरून खाली आली. मूठ वळत नव्हती, म्हणून तिने त्यांचं मनगट दोन्ही तळव्यांमध्ये धरलं, आणि त्यांना घरात घेऊन गेली.